टाकीचं झाकण उघडायला कोण येतं?

साताऱ्याच्या एक काकू चार महिने मुलाकडे राहून आल्या. मुलगा आयटीतला, घर चेन्नईच्या दक्षिण टोकाला, शोळिंगनल्लूरला. परत आल्यावर त्यांनी मला जो प्रश्न विचारला, त्यावर हे प्रकरण उभं आहे.

"अरे, तिकडे दर आठवड्याला एक बाई यायची. हातात बॅटरी. 'अम्मा, तण्णी' असं काहीतरी म्हणायची आणि थेट मागच्या बाजूला. बादल्या बघायची, पिंप बघायची, फ्रिजच्या मागे वाकून बघायची. मला तेव्हा खोकला झालेला, पण त्याची साधी चौकशी नाही. आणि म्हणे आरोग्य खात्याची! माणसं सोडून बादल्या तपासणारं हे कसलं आरोग्य खातं?"

प्रश्न रास्त आहे. आरोग्य म्हटलं की आपल्याला गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला माणूस दिसतो. बॅटरी घेऊन फ्रिजमागे वाकणारी बाई दिसत नाही.

1. कौलं कधी चाळायची?

कोकणात किंवा घाटमाथ्यावर ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना मे महिन्यातलं एक काम आठवत असेल. कौलं चाळणं. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची. जुलैत घर गळलं नाही म्हणून त्या गड्याचे आभार मात्र कुणी मानत नाही. गळायला लागल्यावर खाली पातेलं आणून ठेवणारा माणूस तेवढा लक्षात राहतो.

दवाखाना म्हणजे पातेलं. ते लागतंच, त्याला कमी लेखायचं कारण नाही. सार्वजनिक आरोग्य म्हणजे कौलं चाळणं. डॉक्टरचा रुग्ण एक माणूस असतो, या खात्याचा रुग्ण म्हणजे अख्खं गाव. त्यामुळे काकूंच्या खोकल्यापेक्षा काकूंच्या पिंपात त्या बाईला जास्त रस होता. पिंपाचा परिणाम शेजारच्या वीस घरांवर होणार होता.

शोळिंगनल्लूर आज आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींसाठी ओळखलं जातं. पण 2011 पर्यंत ते चेन्नई महापालिकेत नव्हतंच. तिथे 'पेरूराट्चि' होती. ही आपल्या नगरपंचायतीची बहीण समजा. पूर्वेला बकिंगहॅम कालवा आणि त्यापलीकडे समुद्र, वायव्येला पळ्ळिकरणैची पाणथळ आणि मधून जाणारा जुना महाबलीपुरम रस्ता, ज्याला सगळे 'ओएमआर' म्हणतात. 2011 मध्ये चेन्नईची हद्द 174 चौरस किलोमीटरवरून 426 वर गेली, शहराचे 15 विभाग झाले आणि त्यातला पंधरावा शोळिंगनल्लूर. ज्या महापालिकेत हे गाव सामील झालं, तिची स्थापना 1688 ची, म्हणजे संभाजी महाराजांच्या काळातली. एवढ्या जुन्या संस्थेत एवढं नवं गाव.

पाटी बदलली तरी काम तेच राहिलं, कारण त्यामागचा कायदा तोच होता. मद्रास प्रांताने 1939 साली सार्वजनिक आरोग्य कायदा केला. देशात असा सर्वंकष कायदा करणारा तो पहिला प्रांत. पाणी, सांडपाणी, साथी, डास, जत्रा-उत्सव यांची काळजी कोणी घ्यायची, याचं त्या कायद्यातलं उत्तर होतं: स्थानिक संस्थेने. याचं कारण साधं आहे. कोणाच्या विहिरीवर झाकण नाही, हे दिल्लीला किंवा फोर्ट सेंट जॉर्जमधल्या मद्रास सरकारला कळत नाही, गल्लीला कळतं.

विभागाला एक आरोग्य अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली स्वच्छता निरीक्षक, परिचारिका आणि सगळ्यात शेवटी बॅटरीवाली बाई. तिच्या पदाचं नाव भारदस्त आहे, 'डोमेस्टिक ब्रीडिंग चेकर', आणि बोलीत सगळे 'डीबीसी' म्हणतात. घरात डासांची पैदास होते का हे पाहणारी, एवढाच अर्थ.

2. दर आठवड्यालाच का?

महिन्यातून एकदा आली असती तर चाललं नसतं? नाही, कारण हे वेळापत्रक कुठल्या साहेबाने बनवलेलं नाही, ते डासाने बनवलंय.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. गटारात नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास. चेन्नईच्या उकाड्यात हा प्रवास साधारण सात ते दहा दिवसांत पुरा होतो. अळी आणि कोष पाण्यातच असतात, त्यांना उडता येत नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यात शत्रू तुमच्या बादलीत कैद असतो आणि बादली उपडी केली की संपतो. दहाव्या दिवशी तोच भिंतीवर बसलेला असतो आणि मग त्याच्यामागे टाळ्या वाजवत फिरावं लागतं.

आता शनिवारचा हिशोब करू. आज, शनिवारी, मादीने अंडी घातली. बाई पुढच्या गुरुवारी आली तर तिला अळ्या सापडतील. ती महिन्याने आली, तर मधल्या काळात एकामागून एक दोन-तीन खेपा उडून गेलेल्या असतील आणि पिंपात पुढची पोहत असेल. महाराष्ट्रात आरोग्य सेवक 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' म्हणतात, त्यामागे हेच गणित आहे.

एक बारकावा मात्र आपण सगळेच विसरतो. पिंप नुसतं रिकामं करून चालत नाही, घासावं लागतं. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. पाणी आटलं तरी ती सुकून मरत नाहीत, काही महिने तशीच टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे काथ्या घ्यायचा आणि आतून घासायचं.

ती बाई शोधते कुठे? बॅटरीचा झोत पाण्यावर मारते. अळ्यांना उजेड आणि सावलीची हालचाल आवडत नाही, त्या वळवळत तळाशी जातात. ही हालचाल ओळखायला शिकलेला डोळा लागतो, आपल्याला कचराच वाटतो. संशय आला की ती ओगराळ्याने थोडं पाणी पांढऱ्या वाटीत किंवा फरशीवर ओतते. डोकं खाली करून तिरपी लोंबकळणारी अळी बहुधा एडिसची. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असेल तर अ‍ॅनॉफेलिस, म्हणजे मलेरियावाली. चेन्नईत मलेरिया वाहणारा अ‍ॅनॉफेलिस स्टिफेन्सी हा पक्का शहरी डास आहे. त्याला विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्या आवडतात. झाकण नसलेली टाकी दिसली की बाईला जिना चढावा लागतो तो याच्यासाठी.

काकूंच्या मुलाकडे अळ्या सापडल्या त्या पिंपात नव्हत्याच. इमारतीच्या मागच्या अंगणात कोणीतरी जुना आट्टुक्कल टाकून दिला होता. आट्टुक्कल म्हणजे आपला दगडी रगडा, इडलीचं पीठ वाटायचा. मिक्सर आणि ग्राइंडर आल्यावर तो घराबाहेर गेला, पण एवढं जड धूड फेकणार कुठे? मधल्या खळग्यात पावसाचं दोन तांबे पाणी साठतं, दगड गार राहतो, वर झाडाची सावली. एडिसला याहून चांगलं बाळंतघर मिळणार नाही. शहाळ्याच्या रिकाम्या कवट्या, जुने टायर, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे, लिफ्टचा खड्डा, बांधकामावर स्लॅबला पाणी मुरवायला घातलेले वाफे हे सगळे त्याच मालिकेतले.

रगडा उचलता येत नाही आणि उपडाही होत नाही. त्या बाईने काय केलं? थोडी वाळू मागितली आणि खळगा भरून टाकला.

3. शंभर घरांची परीक्षा

बाई वहीत काय लिहिते, असंही काकूंनी विचारलं होतं. ती गुण देते. गावाला गुण.

समजा तिने 100 घरं पाहिली आणि 8 घरांत अळ्या सापडल्या. याला म्हणतात घर निर्देशांक, 8 टक्के. त्या 100 घरांत पाणी साठवलेली 300 भांडी होती आणि 12 भांड्यांत अळ्या होत्या. हा भांडी निर्देशांक, 4 टक्के. तिसरा आकडा 'ब्रेटो निर्देशांक', म्हणजे 100 घरांमागे अळ्यांची भांडी किती. इथे 12.

तीन आकडे कशाला? प्रत्येकाचा सूर वेगळा आहे. घर निर्देशांक सांगतो की त्रास किती पसरलाय. भांडी निर्देशांक सांगतो की भरलेल्या भांड्यांतली किती बिघडली. ब्रेटो सांगतो तो किती दाट आहे. आठ घरांत मिळून बारा भांडी असतील तर थोडं पसरलेलं दुखणं, आठच घरांत चाळीस भांडी निघाली तर ती आठ घरं म्हणजे कारखाने. पहिल्या वेळी सगळ्या गल्लीला सांगत फिरायचं, दुसऱ्या वेळी त्या आठ दारांशी ठाण मांडायचं.

आणि भांडी कुठे जास्त निघतात? जिथे नळाचा भरवसा नाही तिथे. शोळिंगनल्लूरच्या आसपास कण्णगी नगर, सेम्मंचेरी आणि पेरुंबाक्कम या मोठ्या पुनर्वसन वसाहती आहेत. शहरातल्या नदीकाठांवरून, झोपडपट्ट्यांतून हलवलेली हजारो कुटुंबं तिथल्या छोट्या सदनिकांत राहतात. पाणी ठराविक वेळी येत असेल तर माणूस भरून ठेवणारच. रंगीत प्लॅस्टिकच्या कुडम घागरींची रांग म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, ती त्या घराची तिजोरी असते. तिथे जाऊन 'पाणी साठवू नका' असं सांगणं मला उद्धटपणाचं वाटतं. झाकून ठेवा, दर आठवड्याला घासा, नाहीतर पिंपात अबेट टाकू द्या, एवढंच सांगता येतं. अबेट म्हणजे टेमेफॉस. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत, मोजून टाकलं तर साठवणीच्या पाण्यात चालतं आणि अळी मारतं.

उलट बाजूच्या गृहसंकुलांत चोवीस तास पाणी, पण तिथे बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या बशा आणि शोभेची कारंजी. डासाला उत्पन्न गट कळत नाही.

4. धुराची गाडी

एखाद्या घरात डेंग्यू निघाला की लोक फोन करतात: धुराची गाडी पाठवा. गाडी येते, भकाभका धूर सोडते, पोरं मागे धावतात, नगरसेवक समाधानी होतात.

धूर फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारतो. पिंपातल्या अळीला त्याची काही झळ लागत नाही. ती चार दिवसांनी डास होऊन स्वच्छ हवेत बाहेर पडते. शिवाय एडिस दिवसा चावतो आणि कपाटामागे, पलंगाखाली विसावतो. रस्त्यावरून गेलेला धूर तिथवर पोचतोच असं नाही. साथीच्या ऐन भरात, रुग्णाच्या घराभोवती धुराला अर्थ आहे, कारण त्या वेळी विषाणू पोटात घेतलेल्या माद्या हवेत असतात. एरवी तो बराचसा देखावा. पण देखावा दिसतो, आणि पिंप घासलेलं दिसत नाही.

खरं काम धुराशिवाय चालतं. एडिस फार लांब उडत नाही, बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतो. म्हणजे रुग्ण सापडला की त्याला चावलेला डास बहुतेक त्याच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरातच जन्मलेला. नकाशावर त्या घराभोवती वर्तुळ काढायचं आणि आतलं प्रत्येक भांडं बघायचं.

पण रुग्ण सापडला हे खात्याला कळतं कसं? त्यासाठी देशभर 2004 पासून एक साथरोग सर्वेक्षण योजना आहे, तिचे तीन नमुने. आरोग्य कर्मचाऱ्याला नुसता ताप दिसला की 'एस', म्हणजे संशयित. डॉक्टरला लक्षणं डेंग्यूची वाटली की 'पी', म्हणजे संभाव्य. प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलं की 'एल'. चाळणीच्या तीन जाळ्या समजा, वरची मोठ्या भोकांची. पक्का रुग्ण खालच्या जाळीत मिळतो, पण साथीची पहिली चाहूल वरच्या जाळीत लागते. एका गल्लीत तापाचे एस अचानक वाढले, तर एलची वाट बघत बसायचं नसतं.

ऋतूही लक्षात घ्या. आपल्याकडे या धावपळीचे दिवस जुलै ते ऑक्टोबर. चेन्नईत वर्षाच्या पावसातला मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. पुण्यात दिवाळीला कंदील लागतात तेव्हा शोळिंगनल्लूरच्या आरोग्य खात्याचा जून सुरू झालेला असतो.

5. टँकरचं पाणी आणि अर्धा तास

2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते आपल्याला आठवतं. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईचे चारही मुख्य जलाशय आटले आणि जोलारपेट्टईहून तशीच पाण्याची गाडी शहरात आली. नेम्मेलीला समुद्राचं पाणी गोडं करणारा, दिवसाला 10 कोटी लिटरचा प्रकल्प 2013 पासून आहे. तरी ओएमआरवरची कित्येक संकुलं वर्षानुवर्षं टँकरवर जगत आली. तिथल्या भाषेत 'तण्णी लॉरी'.

आरोग्य खात्याला टँकरची धास्ती का? नळाच्या पाण्याचा पत्ता माहीत असतो, टँकरच्या पाण्याचा नसतो. कुठली विहीर, कुठला पाइप, वाटेत किती हात. म्हणून पाणी टाकीत पडल्यावर क्लोरीन तपासतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. क्लोरीन घातलं म्हणजे काम झालं, असं नाही. क्लोरीन म्हणजे टाकीत सोडलेली शिपायांची तुकडी. आधी ते पाण्यातल्या मळाशी आणि जंतूंशी लढतात, त्यात बरेच खर्ची पडतात. लढाई संपल्यावर जे उरतात ते 'उर्वरित क्लोरीन'. हे उरलेले शिपाईच पुढे वाटेत शिरणाऱ्या नव्या जंतूंना अडवतात. म्हणून तपासायचं ते किती घातलं हे नाही, किती उरलं हे. घरच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरलेलं हवं, साथीच्या दिवसांत 0.5.

उदाहरण घ्या. 12,000 लिटरचा टँकर. चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, 1,000 लिटरला साधारण 2.5 ग्रॅम पुरते. बाराने गुणलं की 30 ग्रॅम, मूठभरसुद्धा नाही. पावडर आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि किमान अर्धा तास हात लावायचा नाही. नळ लगेच सोडला तर शिपाई मैदानात पोचायच्या आधीच तुम्ही पाणी पिऊन मोकळे.

मी एका गृहसंकुलात, कुठल्या शहरातलं ते जाऊ द्या, पावडरची गोणी पाहिली आहे. तोंड उघडं, पावसाळी हवा, वर मांजर झोपलेलं. उघड्या गोणीतला क्लोरीन उडून जातो. तिथला माणूस मात्र रोज इमानेइतबारे मोजून चुना घालत होता.

6. बुधवारची पेटी

याच खात्याचं दुसरं काम लसीकरण. तमिळनाडूत त्याचा वार बुधवार. लसीचं घड्याळ थंडीचं: बहुतेक लसींना कारखान्यापासून बाळापर्यंत 2 ते 8 अंश. मधेच कुठे ऊन लागलं का, हे कुपीवरचा एक ठिपका सांगतो. वर्तुळाच्या आत फिकट चौकोन असतो, तो उष्णतेने गडद होत जातो. चौकोन वर्तुळाइतका काळवंडला की कुपी टाकून द्यायची. शिकलेला-न शिकलेला, तमिळ-मराठी कुणालाही वाचता येईल अशी ही लिपी आहे.

बीसीजीची कुपी फोडून कालवली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. कुपीत दहाच्या आसपास मात्रा आणि बाळं आली तीन, तर? तरीही फोडायची. सात मात्रा वाया जाणं स्वस्त, त्या तीन बाळांना परत पाठवणं महाग. हिशोबाच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

5 ऑगस्ट 2021 पासून या कामात तमिळनाडूने आणखी एक दार जोडलंय. 'मक्कळै तेडि मरुत्तुवम', म्हणजे लोकांना शोधत येणारा औषधोपचार. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या घरपोच. काकूंच्या मजल्यावरच्या एका आजींकडे महिन्याला गोळ्या घेऊन येणारी बाई वेगळी होती. काकूंना ती जास्त आवडली, कारण ती दंडाला पट्टा बांधायची.

7. बंद दार

परक्या माणसाने घरात शिरून तपासणी करणं, याची मराठी माणसाच्या मनात एक जुनी जखम आहे. 1897 च्या मार्चपासून पुण्यात प्लेगची झडती घ्यायला गोरे सोजीर घराघरांत, देवघरांत घुसले. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. आणि दोनच महिन्यांनी, 20 ऑगस्टला, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. माणसाऐवजी डासाचा माग काढायचा, ही वाट त्या दिवशी खुली झाली. शोळिंगनल्लूरची बाई चप्पल बाहेर काढते, 'अम्मा' म्हणते आणि उंबऱ्याशी थांबते. तिला आत शिरायचा अधिकार कायद्याने आहे, पण तो दाखवला की पुढच्या गुरुवारी दार उघडत नाही, हे तिला पुण्याचा इतिहास न वाचताही ठाऊक असतं.

तिची खरी अडचण वेगळीच आहे. ओएमआरवर नवरा-बायको दोघंही नऊला बाहेर पडतात. तिच्या वहीत एक रकाना असतो, 'बंद'. 100 घरांपैकी 30 बंद असतील तर घर निर्देशांक 70 घरांचा असतो, आणि तो 100 घरांचा म्हणून वाचला जातो. बंद घरातली कुंडीखालची बशी मात्र बंद नसते. म्हणून अशा घरांसाठी पुन्हा यायचं, संध्याकाळी किंवा रविवारी. रविवारी दार उघडणारा माणूस झोपेतून उठून आलेला असतो आणि म्हणतो, आमच्याकडे मच्छर नाहीत, आम्ही एसी लावतो.

काकूंचा मुलगाही तसंच म्हणाला होता. बाई काही बोलली नाही. तिने बाल्कनीत एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली बॅटरीच्या उजेडात धरली आणि त्याला वाकून बघायला सांगितलं.